जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना: काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९७०च्या दशकातला ट्रान्झिस्टरचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर बरीच वर्षं बंद पडून होता. आता चालू केला तर उजव्या बाजूला सतत खरखर येते आणि मधूनच फट्फट् असा आवाज होतो. डावी बाजू अचानक गप्प होते आणि व्हॉल्यूम वाढवला की परत बोलू लागते. कुणीतरी सांगितलं की सगळे कॅपॅसिटर एकदम बदलून टाका आणि तसा संच तुम्ही मागवलाही आहे. आता सगळे बदलायचे का, कुठल्या जागी काय चालेल आणि सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवं आहे.

तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा कॅपॅसिटरमध्ये नाही. कॅपॅसिटर वयाने थकले असतील आणि त्यातले काही बदलावेच लागतील, पण बिघाड शोधणं हे एक काम आणि वय झालेले भाग बदलणं हे दुसरं. ही दोन कामं एकत्र केली की काय होतं? चाळीस-पन्नास भाग बदलून ॲम्प चालू केला आणि खरखर तशीच राहिली, तर आता जुना बिघाड शिल्लक आहे की नवा आपण घातला, हे कळायला मार्ग उरत नाही. एखादा कॅपॅसिटर उलटा लागला असेल, एखादा ट्रॅक उचकटला असेल, सोल्डरचा थेंब शेजारच्या जोडावर गेला असेल. म्हणून आधी बिघाड शोधा आणि तो दुरुस्त करा. मग जुने भाग टप्प्याटप्प्याने बदला, प्रत्येक टप्प्यानंतर मोजा.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब हवाच. फिलामेंटचा ६० किंवा १०० वॉटचा साधा दिवा ॲम्पच्या मेन्स वायरीत सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी दिवा इथे उपयोगाचा नाही, कारण आपल्याला हवा आहे तापल्यावर वाढणारा फिलामेंटचा रोध. स्विच टाकल्यावर दिवा क्षणभर भक्कन पेटून मंद झाला तर मोठे कॅपॅसिटर चार्ज झाले आणि आत कुठे शॉर्ट नाही. दिवा तसाच प्रखर राहिला तर लगेच बंद करा. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), मुख्य कॅपॅसिटर किंवा आऊटपुट ट्रान्झिस्टर यांपैकी काहीतरी शॉर्ट आहे. या वेळी स्पीकर जोडू नका. दिव्यामुळे व्होल्टेज कमी मिळतं, त्यामुळे प्रोटेक्शनचा रिले (बिघाड असला की स्पीकर तोडणारा स्विच) कधीकधी लागत नाही. त्याने घाबरून जाऊ नका. बायसची, म्हणजे आऊटपुट ट्रान्झिस्टरमधून सिग्नल नसतानाही वाहणाऱ्या लहान करंटची, जुळणी मात्र दिवा काढल्यावरच करायची.

आत हात घालण्यापूर्वी मुख्य कॅपॅसिटर रिकामे करा. १०,००० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरवर ५० व्होल्ट असले तर त्यात साडेबारा जूल ऊर्जा साठलेली असते. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढण्याची सवय वाईट आहे, त्याने कॅपॅसिटरही दुखावतो आणि ट्रॅकही जळतो. १०० ओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन चांगल्या इन्सुलेटेड क्लिपांना लावून ठेवा. पाच-सहा सेकंद धरा, मग मीटरने खात्री करा.

आता डावी बाजू. हळू आवाजात गायब होणं आणि मोठ्या आवाजात परत येणं ही मळलेल्या कॉन्टॅक्टची खूण आहे. स्पीकर प्रोटेक्शन रिलेच्या चांदीच्या कॉन्टॅक्टवर काळपट थर चढतो. लहान सिग्नल त्यातून पार होत नाही, व्होल्टेज वाढलं की थर भेदला जातो. चालू ॲम्पमध्ये रिलेच्या टोपीवर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच टकटक करा. आवाज आला-गेला तर चोर सापडला. तसं झालं नाही तर स्पीकर सिलेक्टर, टेप मॉनिटरचा स्विच आणि मागच्या बाजूचे प्रीआऊट-मेनइनचे (प्रीॲम्पमधून बाहेर आणि पॉवर ॲम्पमध्ये आत जाण्याचे) जोड एकेक करून हलवून बघा. रिलेचं कव्हर निघत असेल तर कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टच्या मधून दोन-चार वेळा ओढा. पॉलिश पेपर किंवा कानस लावू नका. चांदीचा थर निघाला की पुन्हा काही महिन्यांत तेच. खड्डे पडलेले असतील तर रिलेच बदला. कॉइलचं व्होल्टेज (बहुधा २४) आणि कॉइलचा रोध दोन्ही जुळले पाहिजेत, कारण तो चालवणारा लहान ट्रान्झिस्टर ठरावीक करंटसाठीच निवडलेला असतो. पायांची मांडणीही आधी ताडून घ्या.

उजव्या बाजूसाठी व्हॉल्यूम शून्यावर आणा. खरखर गेली तर मूळ व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे प्रीॲम्प किंवा इनपुट स्विचमध्ये. तशीच राहिली तर व्हॉल्यूमच्या नंतर. प्रीआऊट आणि मेनइन जोडणारे दुवे असतील तर आणखी सोपं: दोन्ही बाजूंची अदलाबदल करा. खरखर डावीकडे सरकली तर दोष प्रीॲम्पमध्ये, उजवीकडेच थांबली तर पॉवर ॲम्पमध्ये. एवढ्या दोन चाचण्यांत अर्धं सर्किट बाजूला पडतं.

तुमच्या वर्णनावरून मला इनपुटच्या डिफरन्शियल जोडीचा, म्हणजे पॉवर ॲम्पच्या सुरुवातीच्या दोन जुळ्या ट्रान्झिस्टरचा, संशय आहे. त्या काळातले काही लहान सिग्नलचे ट्रान्झिस्टर वयाने आवाज करू लागतात, आणि २एसए७२६ हा त्यासाठी विशेष बदनाम आहे. यांचे पाय कधीकधी काळे पडलेले दिसतात. खात्री करायला फ्रीझ स्प्रे घ्या, नळीने एकाच ट्रान्झिस्टरवर छोटासा फवारा मारा आणि ऐका. दोषी ट्रान्झिस्टरवर फवारा पडताच खरखर एकदम थांबते किंवा दुप्पट होते, मग तो पुन्हा कोमट झाला की परत सुरू होते. शेजारचा गार होऊन गोंधळ नको म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा धरा. ट्रान्झिस्टर टेस्टरवर हा दोष दिसत नाही, गेन अगदी व्यवस्थित भरतो. २एसए७२६च्या जागी केएसए९९२ बसतो, पायांचा क्रमही एमिटर-कलेक्टर-बेस असाच आहे. एनपीएन जोडी असेल तर केएससी१८४५. एकच बदलू नका, जोडी बदला, आणि आठ-दहा नगांतून गेन जुळणारे दोन निवडा. दोघांची सपाट पाठ एकमेकांना टेकवून बसवता आली तर तापमान सारखं राहतं आणि आऊटपुटवरचा डीसी भटकत नाही. दुसऱ्या चॅनेलमधली जोडीही त्याच वयाची आहे, तीही याच बैठकीत बदललेली बरी.

खरखरीसोबत हम (सतत घुमणारा आवाज) असेल तर त्याबद्दलही. मुख्य फिल्टर कॅपॅसिटर बहुतेक ॲम्पमध्ये दोन्ही चॅनेलना सामाईक असतात. म्हणून हम फक्त एका बाजूला असेल तर मोठे कॅपॅसिटर दोषी असण्याची शक्यता कमी. त्या चॅनेलच्या सप्लाय लाइनवरचा छोटा डीकपलिंग कॅपॅसिटर, अर्थचा सुटलेला जोड किंवा शील्डची वायर बघा. ५० हर्ट्झच्या मेन्सवर फिल्टर कमी पडल्याचा हम १०० हर्ट्झचा, किंचित खरबरीत येतो. अर्थ किंवा शील्डचा हम ५० हर्ट्झचा, खोल आणि गुळगुळीत. कानाला हा फरक लवकर कळू लागतो.

बिघाड मिटला की मग वयाकडे वळू. इथे पहिला मान इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर आणि मध्ये द्रावणात भिजलेला कागद, अशी त्याची रचना. ते द्रावण खालच्या रबरी बुचातून वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातं. क्षमता घटते आणि आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. फुगलेली टोपी किंवा गळलेलं द्रावण दिसलं तर निर्णय सोपा, पण बाहेरून तुकतुकीत दिसणारा कॅपॅसिटरही आतून सुकलेला असू शकतो. उष्णता हा त्याचा खरा शत्रू. तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा जुना हिशेब. ८५ अंशांना २,००० तासांचा कॅपॅसिटर ४५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकतो. म्हणून एकाच बोर्डवर हीटसिंकला चिकटलेला लहान कॅपॅसिटर मेलेला असतो आणि दूरच्या कोपऱ्यातला ठणठणीत. बदलायची सुरुवात हीटसिंक, गरम होणारे वॉटेजचे रेझिस्टर आणि रेग्युलेटर ट्रान्झिस्टर यांच्या शेजारून करा.

नवे १०५ अंशांचे घ्या. निचिकॉन, पॅनासॉनिक, रुबिकॉन, निप्पॉन केमिकॉन, यांपैकी कुणाचेही साधे चांगल्या मालिकेतले चालतील. अधिकृत वितरकाकडूनच घ्या, कारण नकली माल भरपूर आहे. क्षमता तेवढीच ठेवा, व्होल्टेज तेवढं किंवा एक पायरी वर. तुमच्या संचात 'ऑडिओ ग्रेड' लिहिलेले असतील तर खुशाल वापरा, पण त्यामुळे आवाजात चमत्कार होईल अशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या मते सिग्नलच्या वाटेतले १ ते २.२ मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक काढून तिथे फिल्म कॅपॅसिटर लावण्यात जास्त अर्थ आहे: फिल्म सुकत नाही, पुन्हा कधी बदलावा लागत नाही. फक्त आकाराने लहान, दोन पायांत ५ मिलिमीटर अंतर असलेला घ्या. मोठा ठोकळा लांब पायांवर उभा केला तर तो आजूबाजूचा हम ओढून घेतो. फीडबॅकच्या फांदीतला कॅपॅसिटर पुष्कळदा नॉनपोलर (धन-ऋण बाजू नसलेला) असतो, साधारण १०० ते २२० मायक्रोफॅरडचा. त्या जागी नॉनपोलरच लावा.

पोलॅरिटीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. बोर्डवर छापलेल्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही बोर्डांवर काळी बाजू म्हणजे धन, काहींवर ऋण, आणि क्वचित छपाईच चुकलेली असते. जुना भाग काढण्याआधी स्पष्ट फोटो काढा, तो कसा बसला होता ते बघा, सर्किट मिळालं तर त्याच्याशी ताडा. तिन्ही जुळले तरच नवा लावा. एक काढायचा, एक लावायचा. दहा एकदम काढून ठेवायचे नाहीत.

मुख्य मोठे कॅपॅसिटर मात्र मोजल्याशिवाय बदलू नका. पुष्कळदा ते अजून चांगले असतात. पूर्ण लोडवर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, बघा. दोन ॲम्पिअर करंटला १०,००० मायक्रोफॅरडवर १०० हर्ट्झचा रिपल जास्तीत जास्त दोन व्होल्टच्या आसपास येतो. चार दिसले तर क्षमता निम्मी झाली असं समजा. बदलायचेच झाले तर दहा-वीस टक्के जास्त क्षमता चालेल. जागा आहे म्हणून तिप्पट घालण्याचा मोह टाळा. स्विच टाकताक्षणी रेक्टिफायर, फ्यूज आणि स्विचच्या कॉन्टॅक्टवर येणारा झटका त्याने वाढतो. वर्षानुवर्षं बंद असलेले जुने कॅपॅसिटर ठेवायचे असतील तर त्यांचा ऑक्साइड थर पुन्हा बांधावा लागतो: व्हेरिॲकने (मेन्सचं व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज काही तासांत हळूहळू चढवा, कॅपॅसिटरला हात लावून तो गरम होत नाही ना बघा.

काही जुन्या ॲम्पमध्ये एकच सप्लाय असतो आणि स्पीकरच्या वाटेत मोठा कॅपॅसिटर. तुमचा तसा असेल तर तो नक्की मोजा. १,००० मायक्रोफॅरड आणि ८ ओहम मिळून खालची हद्द २० हर्ट्झ येते. तो निम्मा झाला की हद्द ४० वर जाते आणि बास पातळ होतो. तिथे २,२०० लावायला हरकत नाही.

टँटलमचे थेंबासारखे कॅपॅसिटर दिसले तर ते काढाच. ते जातात तेव्हा बहुधा शॉर्ट होतात, आणि आपल्याबरोबर एखादा रेझिस्टर घेऊन जातात. मेन्सच्या स्विचवरचा ठिणगी रोखणारा कॅपॅसिटरही त्याच यादीत. पारदर्शक पिवळसर इपॉक्सीच्या वेष्टनात भेगा दिसत असतील तर आतला कागद ओल शोषून बसलेला आहे आणि एक दिवस तो धुरासकट जाईल. त्या जागी मेन्ससाठीच्या एक्स२ या सुरक्षा दर्जाचाच लावा. मेन्स आणि चॅसी यांच्या मध्ये असेल तर वाय२. इथे साधा फिल्म कॅपॅसिटर लावणं धोक्याचं आहे, त्यावर कितीही व्होल्टेज लिहिलेलं असो.

पॉलिस्टर, पॉलिस्टायरिन, सिरॅमिक डिस्क, माइका यांना उगाच हात लावू नका. चाळीस-पन्नास वर्षांनंतरही हे बहुतेक जसेच्या तसे भरतात, आणि प्रत्येक वेळी आयर्न लावताना जुन्या फिनॉलिक बोर्डचं तांबं उचकटण्याचा धोका असतो. साधे कार्बन फिल्म रेझिस्टरही तसेच, एक पाय सोडवून मोजा आणि बरोबर असतील तर राहू द्या. सप्लायच्या लाइनमधले फ्यूजिबल रेझिस्टर वेगळे. ते वयाने वरच्या बाजूला सरकतात आणि बदलताना फ्यूजिबलच हवेत, कारण वेळ आली की त्यांनी जळून बाकीचं वाचवायचं असतं.

बोर्डवर मोठ्या कॅपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी गोंद दिसेल. मूळचा तो फिकट पिवळा असतो. उष्णतेने तपकिरी झाला की वीज वाहू लागतो आणि खालचे पायही खातो. तुमची खरखर ट्रान्झिस्टर बदलूनही पूर्ण गेली नाही तर या गोंदाकडे बघा. लाकडी काडीने खरवडून, अल्कोहोलने पुसून पूर्ण काढा. खालच्या डायोडचा किंवा जंपरचा पाय हिरवा पडला असेल तर तो बदला. हे काम कंटाळवाणं आहे, पण याने जितके 'न सुटणारे' आवाज सुटतात तितके महागड्या भागांनी सुटत नाहीत.

आता बायसचे प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे लहान रेझिस्टर. हे मी प्रत्येक जुन्या ॲम्पमध्ये न विचारता बदलतो. उघड्या कार्बनच्या पट्टीवर टेकलेला पत्र्याचा पाय गंजतो, आणि पुष्कळ जुन्या सर्किटांत हा प्रीसेट बायसच्या डायोडसोबत सिरीजमध्ये असतो. तिथे स्पर्श क्षणभर जरी सुटला तरी बायस एकदम चढतो आणि आऊटपुट ट्रान्झिस्टर जातात. नवा सीलबंद लावा, आणि चालू करण्याआधी तो किमान बायसच्या टोकाला फिरवा. ते टोक कोणतं हे सर्किट बघून आणि रोध मोजून ठरवा, अंदाजाने नाही. त्याच वाटेत हीटसिंकला चिकटवलेला दोन-तीन जंक्शनचा बायस डायोड असेल तर त्याचे पाय हलवू नका. हे डायोड पायाशी तडकतात, आणि तडकला की परिणाम तोच.

जुळणी करताना इनपुट शॉर्ट, व्हॉल्यूम शून्य, स्पीकर काढलेले. एमिटर रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये २० मिलिॲम्पिअर दिलं असेल आणि रेझिस्टर ०.४७ ओहमचा असेल तर मीटरवर ९.४ मिलिव्होल्ट यायला हवेत; ०.२२चा असेल तर ४.४. आधी निम्म्यावर लावा, पंधरा मिनिटं तापू द्या, मग पूर्ण आकड्यावर आणा आणि पुन्हा पंधरा मिनिटांनी बघा. मीटरची क्लिप घसरून दोन पाय जोडले गेले तर सगळी मेहनत एका क्षणात जाते, म्हणून चालू असताना टोकं हलवू नका. बंद करा, जोडा, मग चालू करा. आऊटपुटवरचा डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत असला की ठीक. १००च्या वर असेल तर इनपुटची जोडी जुळलेली नाही किंवा तिथला एखादा रेझिस्टर सरकला आहे.

आऊटपुट ट्रान्झिस्टर चांगले असतील तर मुळीच बदलू नका. फक्त त्यांच्याखालचा वाळलेला पांढरा लेप पुसून नवा लावा, मधल्या माइकाच्या इन्सुलेटिंग चकतीला तडा असेल तर ती बदला, आणि स्क्रू आवळल्यावर कलेक्टर व हीटसिंक यांच्यात शॉर्ट नाही हे मीटरने बघूनच सप्लाय द्या. बदलायची वेळ आलीच तर केवळ क्रमांक जुळला म्हणून समाधान मानू नका. २एन३०५५ याच नावाखाली सुरुवातीचे संथ ट्रान्झिस्टर १ मेगाहर्ट्झच्याही खालचे होते आणि नंतरचे २.५ मेगाहर्ट्झचे. संथ ट्रान्झिस्टर धरून आखलेल्या सर्किटात वेगवान घातला तर ॲम्प कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होऊ शकतो. हीटसिंक विनाकारण तापायला लागतं आणि कारण सापडत नाही. म्हणून बदलल्यावर ऑसिलोस्कोपने एकदा आऊटपुट बघणं गरजेचं आहे.

पुढे कधी व्हॉल्व्हचा ॲम्प हाती आला तर क्रम थोडा बदलतो. तिथे पहिला संशयित कपलिंगचा कागदी कॅपॅसिटर. तो लीक झाला की आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन व्होल्टेज येतं आणि प्लेट लाल होते. कॅथोड बायसच्या ईएल८४ची ग्रिड शून्यावर असायला हवी, एखादा व्होल्ट धन दिसला तरी तो कॅपॅसिटर काढून ६३० व्होल्टचा पॉलिप्रोपिलिन लावा. कार्बन कॉम्पोझिशनचे प्लेट रेझिस्टर तिथे हमखास वर सरकलेले सापडतात. रेक्टिफायर जीझेड३४ असेल तर त्याच्या लगतचा पहिला फिल्टर ६० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका. आणि ट्रान्झिस्टर ॲम्पच्या उलट, व्हॉल्व्हचा ॲम्प लोडशिवाय, म्हणजे स्पीकर न जोडता, कधीही चालवू नका.

तुमच्यासाठी पुढचं पाऊल एवढंच: संच बाजूला ठेवा, सिरीज बल्ब लावून आत शॉर्ट नाही याची खात्री करा, मग बल्ब काढून दोन्ही चॅनेलची मापं शेजारी शेजारी लिहा. सप्लायची दोन्ही व्होल्टेजेस, आऊटपुटचा डीसी, प्रत्येक एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट आणि व्हॉल्यूम शून्यावर खरखर राहते की जाते. डावी बाजू पॉवर ॲम्पपुरती धडधाकट आहे, त्यामुळे उजवीकडचा जो आकडा तिच्याशी जुळणार नाही तिथूनच शोध सुरू होईल. हे आकडे आणि इनपुटच्या ट्रान्झिस्टरवर छापलेला क्रमांक कळवा, म्हणजे संचातले कोणते भाग कुठल्या टप्प्यात लावायचे ते नेमकं सांगता येईल.